‘फ्लाका’ म्हटल्याचा राग मानावा का?

ताई, मी मूळची नाशिकची. वय २७, पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. दोन वर्षं स्पॅनिश शिकले, आता पोर्तुगीज सुरू केलंय. लहानपणापासून मी अंगानं बारीक. शाळेत ‘काडी’, नात्यात ‘पाप्याचं पितर’ आणि लग्नाचं वय झाल्यापासून ‘जरा अंग धर गं’, हे ऐकतच मोठी झाले. आमच्या टीममध्ये ब्युनोस आयर्सचा एक सहकारी आहे. गेल्या महिन्यात त्यानं चॅटवर लिहिलं, ‘दाले, फ्लाका, मान्याना लो बेमोस.’ म्हणजे ‘ठीक आहे, उद्या बघू’. पण मध्ये ते ‘फ्लाका’! शब्दकोशात पाहिलं तर अर्थ ‘लुकडी’. सातासमुद्रापलीकडच्या माणसानंही तेच म्हणावं? रात्रभर झोप लागली नाही. मैत्रीण म्हणते, एचआरकडे तक्रार कर.

दुसरं म्हणजे साओ पाउलोच्या ऑफिसमधून टी-शर्टचं माप विचारलं होतं. मी स्पॅनिशवरून अंदाज बांधून पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ‘लहान चालेल, मी फ्राका आहे.’ तिकडून काळजीचं उत्तर आलं, बरं वाटत नाही का, सुट्टी घे. ऑक्टोबरात कामासाठी स्पेनमधल्या माद्रिदला आणि इटलीतल्या बोलोन्याला जायचंय. मी शाकाहारी आहे. क्लासमधली एकजण म्हणाली, ‘माग्रो’ लिहिलेलं मागव, त्यात मांस नसतं. खरं का? आणि शेवटचं. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘रोड झालीस’ म्हणते. माझं वजन तीन वर्षांत हललेलं नाही. हल्ली मी तिच्यावर चिडते आणि मग मलाच वाईट वाटतं.
– वि.

प्रिय वि.,

तक्रार करू नकोस. निदान एक गोष्ट तपासल्याशिवाय तरी नको. त्या सहकाऱ्याचे जुने मेसेज चाळून बघ, टीममधल्या पुरुषांना तो ‘फ्लाको’ म्हणतो का? बहुतेक म्हणत असेल, आणि त्यातल्या एखाद्याचं पोट चांगलं सुटलेलंही असेल. ब्युनोस आयर्समध्ये अनोळखी तरुणाला हाक मारायची, मित्राला थांबवायचं, तर ‘चे, फ्लाको!’ एवढं पुरतं. समोरच्याच्या अंगकाठीशी त्याचा फारसा संबंध उरलेला नाही. आपण ‘अगं’, ‘अरे’, ‘भावा’ म्हणतो तसंच ते. मी भाषांतराचं काम करत होते तेव्हा माझं वजन ७८ किलो होतं, आणि माझ्याबरोबरची अर्जेंटिनाची बाई मला रोज सकाळी ‘ओला, फ्लाका’ म्हणायची. पहिल्या दिवशी मलाही वाटलं की ही टोमणा मारतेय. आठवड्याभरात कळलं की मी तिच्या माणसांत जमा झालेय.

अर्जेंटिनाला १९७८ साली पहिला फुटबॉल विश्वचषक मिळवून देणारे प्रशिक्षक सेझार लुइस मेनोत्ती. त्यांना सगळा देश ‘एल फ्लाको’ म्हणायचा. ते होतेही सडपातळ, पण त्या नावात कुणाला हिणवणं दिसलं नाही.

एक मात्र लक्षात ठेव. देश बदलला की याच शब्दाचं वजन बदलतं. पेरूमध्ये ‘मी फ्लाका’ म्हणजे ‘माझी प्रेयसी’. स्पॅनिशमधला ‘मी’ म्हणजे ‘माझा, माझी’. तेव्हा लिमाच्या ऑफिसातून कुणी ‘मी’ जोडून असं लिहिलं, तर ते सहज घेऊ नकोस. आणि ब्युनोस आयर्सच्या माणसाच्या मनात काही वाईट नसलं, तरी तुला ते सोसलंच पाहिजे असंही नाही. ज्या शब्दानं तुझी झोप उडते तो तुझ्यासाठी साधा शब्द नाही. त्याला खासगीत एवढंच लिही, ‘प्रेफिएरो के मे शामेस पोर मी नोम्ब्रे.’ मला नावानं हाक मारलेली आवडेल. स्पॅनिशमधल्या जोड ‘ल’चा ‘श’ तिकडच्या उच्चाराप्रमाणे लिहिलाय, माद्रिदमध्ये तेच ‘यामेस’ होईल. हे वाचून कुठलाही भला माणूस ‘पेर्दोन’ म्हणून मोकळा होतो. त्यानंतरही तो थांबला नाही, तर तक्रारीला खरं कारण मिळेल.

आता साओ पाउलोचं. तुझी चूक मला फार आवडली, कारण ती मूर्खपणाची चूक नाही, हुशारीची आहे. स्पॅनिशमध्ये ‘ल’ असतो तिथं पोर्तुगीजमध्ये पुष्कळदा ‘र’ येतो हे तुझ्या कानानं बरोबर टिपलं. ‘ब्लांको’चं ‘ब्रांको’, ‘प्लाता’चं ‘प्राता’, ‘ओब्लिगादो’चं ‘ओब्रिगादो’. त्याच हिशोबानं ‘फ्लाका’चं ‘फ्राका’. शब्द अगदी बरोबर ओळखलास. पण तो शब्द तिकडे वेगळं काम करतो. पोर्तुगीज ‘फ्राका’ म्हणजे अशक्त. ‘लहान माप चालेल, मी अशक्त आहे’ असा निरोप आला तर कुणीही ‘सुट्टी घे’ म्हणेल. पाणचट कॉफी ‘फ्राको’, तोळामासा प्रकृतीचा माणूस ‘फ्राको’, मोबाईलचं नेटवर्क रडत असेल तर तेही ‘फ्राको’. आणि गोड पाहिलं की मन घसरत असेल, तर ब्राझीलचा माणूस म्हणतो, ‘तेन्यु उम फ्राकु पोर दोसेस.’ गोडापुढं माझा निभाव लागत नाही.

एकाच आईच्या दोन लेकी, एक बारीक आणि एक अशक्त, हे कसं झालं? मूळ लॅटिन शब्द ‘फ्लाक्कुस’. गंमत म्हणजे त्याचा अर्थ या दोन्हींपैकी कुठलाच नव्हता. फ्लाक्कुस म्हणजे ढिला, सैल पडलेला, लोंबणारा. ज्याचे कान लोंबत त्या माणसालाही फ्लाक्कुस म्हणत. कवी होरेसचं पूर्ण नाव क्विंतुस होरातिउस फ्लाक्कुस. रोमन लोकांची कितीतरी कुळनावं आपल्या आडनावांसारखीच अंगावरून पडली. आपल्याकडे काळे, गोरे, टकले, बोबडे, लठ्ठे आहेत. त्यांच्याकडे क्रासुस म्हणजे जाडा, माकेर म्हणजे बारीक आणि फ्लाक्कुस म्हणजे लोंबत्या कानांचा. पिढ्या गेल्या की कान कसेही असोत, नाव राहतं.

जे ढिलं पडलं त्यात जोर नाही. ज्याच्यात जोर नाही तो अशक्त. आणि अशक्तपणा नजरेला दिसतो तो बारीकपणा म्हणून. या जिन्यावर एकेक भाषा वेगळ्या पायरीवर थांबली. इटालियन ‘फ्याक्को’ म्हणजे दमलेला, गळून गेलेला. पोर्तुगीज ‘फ्राको’ अशक्तावर थांबला. स्पॅनिश मात्र शेवटपर्यंत चढत गेला. पण त्याच्या घरात आधीची पायरी अजून ऐकू येते. ‘फ्लाकेसा’ म्हणजे मनाचा कमकुवतपणा, बारीकपणा नाही. ‘फ्लाकेआर’ म्हणजे धीर खचणं, पाय लटपटणं. ‘पुंतो फ्लाको’ म्हणजे कच्चा दुवा. ‘उन फ्लाको फाबोर’ म्हणजे जिच्यानं भल्याऐवजी नुकसानच झालं अशी मदत. हे माहीत नसेल तर मीटिंगमध्ये घोटाळा होतो. बजेटवरून बोलणं चाललं असताना कुणी ‘बाकास फ्लाकास’ म्हटलं, तर गाई शोधू नकोस. बायबलमध्ये इजिप्तच्या फेरोला स्वप्न पडतं, सात हाडकुळ्या गाई सात पुष्ट गाईंना खाऊन टाकतात, आणि योसेफ त्याचा अर्थ सांगतो की सुगीच्या सात वर्षांमागून दुष्काळाची सात वर्षं येणार. तेव्हापासून टंचाईचा काळ म्हणजे हाडकुळ्या गाई. पोर्तुगीज, इटालियन आणि फ्रेंच याच गाईंना ‘माग्रो’च्या घरातला शब्द लावतात. ‘फ्लाका’ लावतो तो स्पॅनिश.

अशक्त आणि बारीक यांची सरमिसळ लॅटिनच्या लेकींनीच केली असंही नाही. रोमानियनमध्ये बारीक माणसाला ‘स्लाब’ म्हणतात. तो शब्द स्लाव भाषांकडून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ अशक्त. तिथं ‘आ स्लाबी’ म्हणजे वजन कमी होणं. आणि आपण? सुट्टीत गावी गेलं की शेजारची म्हातारी तोंडावरून हात फिरवून म्हणते, ‘किती अशक्त दिसतेस गं.’ आपण ठणठणीत असतो, दोन पोती गहू उचलून आत ठेवलेले असतात, तरी ती म्हणतेच. पाहणाऱ्याला काळजी दिसते आणि काळजी दुबळेपणाचा शब्द उचलते. तुला जे टोचत आलंय ते हेच असावं असं मला तुझ्या पत्रातून वाटलं. बारीक म्हटल्याचं तुला तेवढं लागत नाही. त्यात दडलेलं ‘तुझ्यात दम नाही’ हे लागतं. तो अर्थ झटकायचा तुला पूर्ण हक्क आहे, कारण तो तुझ्या बाबतीत खोटा आहे.

मग स्वतःला काय म्हणावंस? स्पॅनिशमध्ये ‘देल्गादा’. तो ‘देलिकातुस’ या लॅटिन शब्दातून आला, म्हणजे नाजूक, सुबक, मन मोहवणारं. आपल्या ‘शेलाटी’च्या जवळचा. पोर्तुगीजमध्ये ‘माग्रा’ म्हण. ब्राझीलमध्ये तो रोजचा शब्द आहे, त्यात टोमणा नाही, आणि ‘माग्रिन्या’ म्हटलं तर लाडिक होतं. ‘माग्रेला’ मात्र आपल्या ‘लुकडी’सारखा. तिकडं सायकललाही लाडानं ‘माग्रेला’ म्हणतात, सगळी हाडंच असतात म्हणून. फ्रेंच कानावर पडलं तर ध्यानात ठेव की ‘मेग्र’ हा शब्द खंगलेल्याकडे झुकतो, आणि चांगल्या अर्थानं सडपातळ म्हणायचं तर ‘मँस’ म्हणतात.

आणि अभिमानानं मिरवायचा शब्द हवा असेल, तर तो इटालियन आहे, ‘सोत्तीले’. मूळ लॅटिन ‘सुब्तीलिस’. हा विणकामातला शब्द समजतात, मागावरच्या ताण्याखालून जाणारा, तलम. तलम वस्त्रावरून तो बारीक झाला, आणि बारीक वस्तूवरून तल्लख बुद्धी, खोल विचार, चटकन हाती न लागणारा फरक, एवढं सगळं त्यात मावलं. मराठीत हे समजावून सांगावं लागत नाही. आपला ‘बारीक’ फारसीतून आला आणि नेमका हाच प्रवास करून बसला. बारीक नजर, बारीक काम, बारीकसारीक हिशोब. चार पदरी मोहनमाळेतला एक निसटलेला मणी ज्या बाईला दिसतो तिला आपण बारीक नजरेची म्हणतो, आणि ते कौतुकानंच म्हणतो. लुगड्यालाही आपण ‘पातळ’ म्हणतो. बारीकपणा म्हणजे कमतरता, हे आपल्याही भाषेनं सरसकट कधीच मानलेलं नाही. संस्कृतमधला ‘तनु’ म्हणजे बारीक, आणि लॅटिनमधला ‘तेनुइस’ म्हणजेही बारीक. दोन्ही एकाच जुन्या धातूचे, ताणण्याच्या. ताणलं की वस्तू बारीक होते. आपल्या ‘ताण’ आणि ‘तंतू’ यांत तोच धातू आहे. ‘तन्वी’ हे मुलीचं नाव आपण हौसेनं ठेवतो, त्याचा अर्थ सडपातळ असाच की.

आता जेवण. मैत्रिणीचा सल्ला बोलोन्यात बराचसा बरोबर ठरेल आणि माद्रिदमध्ये सपशेल उलटा. ‘माग्रो’ हा लॅटिन ‘माकेर’चा, म्हणजे अंगावर चरबी नसलेला. कॅथलिक लोक शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य करत. मांसाचे दिवस ते ‘जाडे’, बिनमांसाचे ते ‘बारीक’. फ्रेंचमध्ये मांस न खाण्याला ‘फेर मेग्र’ म्हणतात, आणि उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी मनसोक्त खाऊन घेतात तो ‘मार्दी ग्रा’, जाडा मंगळवार. गोव्यात पणजीला कार्निव्हलची मिरवणूक निघते त्या शनिवारचं नाव ‘साबादो गोर्दो’, जाडा शनिवार. तो याच पंचांगातला.

म्हणून इटलीत ‘राव्योली दि माग्रो’ लिहिलं असेल (राव्योली म्हणजे सारण भरलेला पास्ता) तर आत बहुधा पालक आणि रिकोत्ता हे ताजं चीज असतं. पण उपवासाला मासे चालत, त्यामुळं ‘दि माग्रो’मध्ये मासा निघू शकतो. विचारल्याशिवाय खाऊ नकोस. बोलोन्यात आणखी एका अक्षराकडे लक्ष दे. ‘तोर्तेल्लीनी’ म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पुड्या. त्यांच्यात डुकराचं मांस भरलेलं असतं आणि त्या मांसाच्याच रश्श्यात येतात. ‘तोर्तेल्लोनी’ आकारानं मोठे, त्यांत परंपरेनं रिकोत्ता भरतात. तुझं ते, ‘ओनी’वालं. वर सॉस कसला हे मात्र विचारून घे.

माद्रिदमध्ये ‘माग्रो’ दिसलं की हात मागे घे. स्पेनमध्ये नुसतं ‘माग्रो’ म्हणजे चरबी काढलेलं मांस, आणि बहुतेक वेळा डुकराचं. ‘माग्रो कोन तोमाते’ ही टोमॅटोच्या रसात शिजवलेली डुकराच्या मांसाची बशी. नाव ऐकून टोमॅटोची भाजी समजून मागवणारी एक शाकाहारी मुलगी मी पाहिली आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोटाला काही झालं नव्हतं, फसल्यासारखं वाटलं होतं. जुन्या जेवणघरांत ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीवर खामोनचे, म्हणजे डुकराच्या खारवून सुकवलेल्या मांसाचे तुकडे येतात, कारण पुष्कळांच्या लेखी खामोन हे वेगळंच काही असतं. तेव्हा सगळं नाव घेऊन सांग, ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो.’ मांस नको, खामोन नको, मासा नको.

राहिली आई. इथं तुझं स्पॅनिशच तुझ्या उपयोगाचं आहे. पहिल्या महिन्यात शिकवलेलं आठव, ‘असणं’ यासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ‘एरेस फ्लाका’ म्हणजे तू बारीक आहेस, तुझी चणच तशी. ‘एस्तास फ्लाका’ म्हणजे तू बारीक दिसतेस, अलीकडे उतरलीस. आपण हा फरक ‘आहेस’ आणि ‘झालीस’ यांत करतो. तुला आयुष्यभर टोचत आलेले लोक ‘आहेस’ म्हणत आले, काडी आहेस, पितर आहेस. ते तुझ्यावर शिक्का मारत होते. आई एकदाही ‘आहेस’ म्हणत नाही. ती ‘रोड झालीस’ म्हणते. तिला ठाऊक आहे की तू अशीच आहेस, तिनंच तुला वाढवलंय. तिच्या ‘झालीस’मध्ये मागच्या रविवारपासून आजपर्यंत तू तिच्या डोळ्यांसमोर नव्हतीस, तेवढंच आहे.

माझी आई हात धरायची. अंगठा आणि मधलं बोट माझ्या मनगटाभोवती फिरवून किती जागा उरते ते बघायची, आणि मग बांगडी कोपराकडे सरकवायची. मी ७८ किलोंची असतानाही सरकवायची. बांगडी हलायची नाही, तरी ‘रोड झालीस’ म्हणायची. मी चिडायचे. वजनाचा आकडा सांगायचे. आकड्यानं तिचं समाधान कधी झालं नाही, कारण तिनं आकडा विचारलाच नव्हता. तू पुढच्या रविवारी वजन सांगू नकोस. दुपारी काय जेवलीस ते सांग, भाजी कुठली होती, पोळ्या किती, आमटीला फोडणी कशाची दिली. जमलं तर फोन ताटाकडे वळव. ती पुढचं विचारत जाईल, आणि तू सांगत जा.

वजन खरंच काही न करता उतरायला लागलं, तर मात्र शब्दांत न गुंतता डॉक्टरकडे जा. तुझ्या पत्रावरून तसं दिसत नाही.

आणि साओ पाउलोला आजच लिहून टाक, तो माणूस अजून काळजीत असेल. ‘एस्तोउ बें. सोउ माग्रा, नाओं फ्राका.’ मी बरी आहे, बारीक आहे, अशक्त नाही. मापाच्या रकान्यात ‘एस’ लिहू नकोस. तिकडं लहान मापाला ‘पेकेनु’ म्हणतात आणि शर्टाच्या गळ्याशी ‘पी’ हे अक्षर असतं. त्याहूनही लहान हवा असेल तर दोनदा ‘पी’ लिही.

– ताई